घागरीचे पोट हाताचे

कुंभार म्हटले की आपल्याला चाक आठवते. आमच्या हिंगोलीकडची घागर मात्र अर्धीच चाकाची. चाकावर तिला तोंड आणि गळा मिळतो. खालचे भांडे जाड, बुटके राहते. ते जरा सुकले की खरे काम सुरू होते. आतून दगडी गुंडा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत जायचे. भिंत पातळ होते, पोट गोल भरत जाते. लहानपणी कुंभारवाड्यात मी हे तासन् तास पाहिले आहे. तिथल्या एक काकी थापटण्याच्या आवाजावरून भिंतीची जाडी ओळखत.

ही रीत इथल्या जमिनीला धरूनच आहे. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. तशीच भांड्याला घेतली तर ते उन्हातच तडकते. म्हणून नदीकाठचा किंवा तळ्यातला गाळ आणायचा, त्यात राख आणि लीद घालून तो तुडवायचा. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, लीद जळून जाते, बारीक छिद्रे उरतात. त्यांतून पाणी पाझरून उडते आणि आतले पाणी गार राहते. आव्यात हवा खेळली तर मातीतले लोह तांबडे होते, धूर कोंडला तर भांडे काळे निघते. चुलींना आणि पोळ्याच्या बैलांना तर चाक लागतच नाही.

हे हातकाम फार जुने आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत चाकावरची रंगवलेली भांडी होती, तसेच हाताने घडवलेले जाडेभरडे कुंभही होते. असे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत दगावलेली लहान मुले घराच्या जमिनीखाली पुरत. लेकरासाठी शेवटचा आसरा त्या लोकांनी हातानेच घडवला.

थापटण्याचा मान आमच्या जिल्ह्याने आणखी एका कारणाने ठेवायला हवा. कयाधूकाठचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानतात. तेरच्या गोरोबाकाका कुंभारांनी जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा घराघरांत सांगतात. मग नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि तिथे त्यांना गुरू भेटला. संतांची पारख करायला वारकऱ्यांच्या कथेने कुंभाराचे अवजार निवडले, ही या कारागिरीला मिळालेली सर्वांत मोठी पावती आहे.

बारा बलुत्यांत कुंभाराला खळ्यावर धान्य मिळे. संक्रांतीची सुगडी, लग्नातली ऐरणी, घटस्थापनेचा घट, शेवटी खांद्यावरचे मडके, सगळे त्याच्याच हातचे. स्टील, प्लास्टिक आणि फ्रीज आले, बलुते संपले आणि थापटण्याचे आवाज विरळ झाले. ही कला पुस्तकातून शिकता येत नाही. ती हातातून हातात जाते, आणि एक पिढी तुटली की संपते. म्हणून मागणे एवढेच: येत्या पोळ्याला प्लास्टरचे बैल आणू नका. कुंभारवाड्यात जा, मातीचे घ्या, सोबत मुलांना न्या आणि त्यांना एकदा तरी घागर कशी थापतात ते दाखवा.