बुऱ्हाणपूर दरवाज्याची सुरत

आपल्या भागात लग्न ठरले की सुरतेचे नाव निघतेच. बस्ता सुरतेहून आणायचा असतो, आणि उधना किंवा लिंबायतला कुणी ना कुणी मावसभाऊ, चुलत मामा बिऱ्हाड करून असतोच. रात्रीची गाडी, दोन दिवसांचा मुक्काम, साड्यांचे गठ्ठे, घारीचा डबा आणि परतीची गाडी, असा हा ठराविक बेत. या बेतातला एक दिवस जुन्या सुरतेला द्यावा असे सुचवायचे आहे. त्या शहराच्या भिंतींत एक दरवाजा आपल्या गावाच्या नावाचा होता, आणि त्याच दरवाज्यापाशी मराठ्यांच्या इतिहासातला एक प्रसिद्ध प्रसंग घडला.

प्रथम वाटेविषयी. घरात आपण तापी म्हणतो, बाजारात ताप्ती, नदी एकच. मुलताईला उगम पावून ती ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेच्या पुढे खंभातच्या आखातात मिळते. मोगल काळात आग्र्याहून समुद्राकडे जाणारा एक मोठा रस्ता बुऱ्हाणपूरला उतरे आणि येथून तापीच्या खोऱ्याने सुरत गाठी. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने सुरतेहून येताना लिहून ठेवलेले मुक्काम वाचले तर आपल्या सोयऱ्याधायऱ्यांच्या गावांची यादीच वाचल्यासारखे वाटते : बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर, बहादरपूर. नवापूरच्या बारीक तांदळाला कस्तुरीचा वास येतो असे तो लिहितो. थाळनेर ही फारुकींची आधीची राजधानी. इ. स. १४०० च्या सुमारास नासिरखान फारुकीने बुऱ्हाणपूर वसवले ते तेथून पुढे सरकूनच. आजची रेल्वेही नंदुरबारपर्यंत साधारण हाच मार्ग धरते. मात्र जुना रस्ता तापी ओलांडून थाळनेर-चोपड्याकडे वळे, तर रेल्वे दक्षिणेनेच अमळनेर, जळगाव करीत भुसावळला येते आणि रावेरला पुन्हा जुन्या वाटेला मिळते.

इंग्रज वकील सर टॉमस रो ३० ऑक्टोबर १६१५ ला सुरतेहून निघाला आणि १४ नोव्हेंबरला बुऱ्हाणपुरास पोचला, म्हणजे पंधरा दिवस लागले. आपल्याला एक रात्र लागते. निघण्याचा हंगाम मात्र तोच ठेवावा. पावसाळ्यात खानदेशच्या काळ्या मातीत बैलगाड्या रुतत, म्हणून तांडे पाऊस सरल्यावर हलत. युरोपला जाणारी जहाजे सुरतेजवळच्या सुवाळीच्या बंदरातून साधारण जानेवारी-फेब्रुवारीत सुटत, तोवर माल पोचायला हवा असे. तेव्हा दिवाळी ते माघ हाच सुरतेचा खरा काळ. थंडीत गेल्यास पोंक आणि उंधियू मिळेल, हा वरकड लाभ.

हा माल म्हणजे काय होता? मुख्यतः कापड. ताव्हेर्निये १६४१ मध्ये बुऱ्हाणपुरास आला तेव्हा शहर बरेचसे मोडकळीस आलेले त्याला दिसले, पण येथली तलम मलमल इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असल्याचे तो नमूद करतो. काही कापडांवर रंगीत फुले, काहींत सोन्याचांदीची तार. पावणेचारशे वर्षांपूर्वी जरीचे कापड आपल्याकडून सुरतेला जात होते, आज आपण ते तेथून आणतो. आपल्या पॉवरलूमच्या गल्ल्यांतून जाताना ही गोष्ट मला नेहमी बोचते. रोने मात्र बुऱ्हाणपूरचे वर्णन मातीच्या घरांचे दळभद्री गाव असे केले आहे. येथे शाहजादा परवीझला भेटून त्याने बाटल्यांची पेटी नजर केली, आणि शाहजाद्याने ती इतकी मनापासून स्वीकारली की पुढची भेट होऊच शकली नाही! त्यातच रो तापाने आजारी पडला. अशा पाहुण्याचे मत किती धरायचे ते वाचकांनी ठरवावे.

या रस्त्याची एक काळी बाजूही आहे. १६३० च्या नोव्हेंबरात पीटर मंडी सुरतेहून निघाला तेव्हा गुजरात-खानदेशात भीषण दुष्काळ होता. नंदुरबारला प्रेतांमुळे तंबू ठोकायला जागा मिळेना, असे तो लिहितो. त्याच वेळी वंजाऱ्यांचे तांडे धान्य घेऊन बुऱ्हाणपूरकडे चालले होते, कारण शाहजहानची छावणी येथे पडली होती. बादशहाने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे लंगर घातले, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, हे दरबारी बखरकार सांगतो आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. पण छावणीला जाणारे ते धान्य ज्या गावांतून पुढे गेले त्यांची नावे त्या बखरीत कशाला येतील? पुढच्याच वर्षी, १७ जून १६३१ ला, मुमताजमहल येथे वारली आणि झैनाबादच्या बागेत तिचे पहिले दफन झाले. त्या दुष्काळाची आठवण तिच्या आठवणीखाली पार झाकून गेली.

आता सुरत. गाडी सकाळी पोचते. जाण्याचा दिवस असा निवडावा की पहिला दिवस रविवार पडेल. त्या दिवशी रिंग रोडचे घाऊक कापडबाजार बहुधा बंद असतात, म्हणून मंडळी जुन्या शहरात यायला कुरकुरत नाहीत. चौक बाजारात तापीकाठी १५४० ते १५४६ या काळात बांधलेला किल्ला आहे. त्याचा जीर्णोद्धार होऊन आत संग्रहालय झाले आहे. जवळच मोगलीसरा येथे १६४४ ची सराई. हजला जाणारे यात्रेकरू बुऱ्हाणपूरमार्गे येऊन येथे जहाजाची वाट पाहत. आज तेथे महानगरपालिकेची कचेरी आहे, रविवारी बाहेरूनच पाहावी लागेल. आपल्या अकबरी सराईची दशा आठवून ती पाहणे फारसे सुखाचे नाही. दुपारी कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रजी कबरस्तानात जावे. तेथे जॉर्ज ऑक्झेंडनची घुमटाची कबर आहे. हाच तो वखारीचा प्रमुख, ज्याने १६६४ मध्ये वखार लढवली.

बुधवार, ६ जानेवारी १६६४ रोजी सकाळी अकराच्या सुमारास शिवाजी महाराज सुरतेला पोचले आणि बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेर पाव मैलावर एका बागेत त्यांनी तंबू दिला. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. शहराचा कोट तेव्हा मातीचा, नावापुरताच. चार दिवस लूट चालली; वीरजी वोरासारख्या कोट्यधीश सावकाराची पेढी गेली. दहा तारखेला, मोगल फौज येत असल्याची खबर येताच, मराठे निघाले. कापुचिन पाद्र्यांच्या मठाला मात्र हात लावला नाही, असे बर्निये सांगतो. जुन्या शहरात बरानपुरी भागळ नावाचा भाग आजही आहे. भागळ म्हणजे वेस. तेथे मुलांना उभे करून ही हकीकत सांगावी, पण हळू आवाजात. आजूबाजूच्या दुकानदारांच्या घरी ती दुसऱ्या बाजूने सांगितली जाते.

ती दुसरी बाजू आपल्यालाही परकी नाही, हे आपण विसरतो. १६८१ च्या जानेवारीअखेर संभाजी महाराजांच्या फौजेने हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली बुऱ्हाणपूरवर झडप घातली. दीड कोसावरचे बहादरपूर आणि आणखी सतरा पुरे लुटले गेले, असे खाफीखान लिहितो. कोटाच्या आतले शहर वाचले. मोगल अंमलदार काकरखानाजवळ माणसे थोडी होती, तो दरवाजे लावून बसला. म्हणजे इनायतखानानेही सुरतेला जे केले तेच. शहरातल्या प्रतिष्ठितांनी औरंगजेबाला कळवले की असेच चालले तर शुक्रवारचा नमाज बंद पडेल. त्याच नोव्हेंबरात बादशहा स्वतः बुऱ्हाणपुरास येऊन दाखल झाला, आणि पुढची पंचवीस वर्षे दख्खनेत गुंतून पडला. पुढे १७१६ च्या सुमारास खंडेराव दाभाड्यांनी हाच सुरत-बुऱ्हाणपूर रस्ता चौथाईसाठी रोखून धरला.

शाळेत आपली मुले सुरतेची लूट अभिमानाने वाचतात. बहादरपूरच्या लुटीत ज्यांची दुकाने गेली ते याच गावचे विणकर, सराफ, बोहरी आणि गुजराती व्यापारी होते. त्यांच्यातल्या काहींचे वंशज आपल्या शेजारी राहतात आणि आपल्या बस्त्याचे हिशेबही करतात. अभिमान सोडावा असे मी म्हणत नाही. स्वराज्याला पैसा हवा होता आणि तो मोगलांच्या बंदरात होता, हे मला पटते. पण बुऱ्हाणपूरच्या मराठी घराला ही गोष्ट पुण्याच्या घरासारखी एका दमात सांगता येत नाही.

दुसरा दिवस खुशाल बाजाराला द्यावा. जातेवेळी नातेवाइकांसाठी येथली मावा जिलेबी आणि दराबा न्यावा. सुरतेत तो मिळत नाही. आणि परतल्यावर, गठ्ठे सोडून झाले की, एखाद्या संध्याकाळी रिक्षाने मुलांना बहादरपूरला नेऊन आणावे.