मंद आच, इकमिक कुकर आणि आमची अक्का

सूनबाईने पुण्याहून स्लो कुकर नावाचं विजेचं भांडं पाठवल्याचं मी इथं सहज लिहिलं, तर गावाकडच्या तिघा-चौघांनी लगेच विचारलं, "काका, घ्यावं का हे? घरच्या स्वयंपाकाला कामाचं आहे का?" उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण सगळी नोकरी कर्जाचे कागद तपासण्यात गेली. मागचा उतारा बघितल्याशिवाय सही करायची सवय नाही. तेव्हा थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मंद आचेवर शिजवणं आपल्या खटकचिंचोळीला नवं नाही. पन्नाशीच्या दशकात, म्हणजे आमच्या लहानपणी, घरोघर मातीची चूल आणि तिच्या बाजूला वैल असायचा. भाकरीला जाळ लागतो, म्हणून पुढं तुराट्या. तुराटी भडकन पेटते आणि तशीच विझते. डाळीला जाळ नको, धग पाहिजे, म्हणून वैलाखाली गोवऱ्या. गोवरी तासन्‌तास धुमसत राहते. ज्या झाडाची डाळ, त्याच झाडाची काडी खालून जळायची. रानातून एक पैसाही बाहेर जायचा नाही. भाकरी झाल्या की माय निखारे वैलाकडे ओढायची, मडक्यावर झाकण ठेवून त्यात पाणी घालायची आणि रानात निघून जायची. झाकणातलं गरम पाणीच लागेल तसं डाळीत ओतायचं, गार पाणी घातलं की डाळ अडते. दुधाचंही तसंच. गोवरीच्या आरावर दिवसभर ठेवलेलं दूध संध्याकाळी गुलाबी व्हायचं आणि वर बोटभर साय.

आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे गल्ली बदलली की चुलीची भाषा बदलायची, आच मात्र तीच. लिंगायतांच्या घरी गव्हाची हुग्गी. गहू भिजवून उखळात सडायचे, मग गुळात तास-तास रटरटत ठेवायचे. मुसलमान गल्लीत पाया आणि नहारी रात्रभर निखाऱ्यावर. 'नहार' म्हणजे दिवस, सकाळ. सकाळी खायची म्हणून नहारी. हैदराबादच्या ज्या हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही भट्टीवर दहा-बारा तास घोटावं लागतं. आणि येळवशीची भज्जी कोण विसरेल? हिरवी तूर, सोलाणे, वालाच्या शेंगा, आंबट चुका, वरून बेसन. आदल्या रात्रीच मोठ्या भांड्यात चढायची, सकाळी आंबिलीच्या बिंदग्यासोबत डोक्यावरून रानात. ती चव मला पुन्हा कुठं मिळाली नाही, हे खरं.

पण चवीच्या आठवणी लिहिताना आपण एक गोष्ट हळूच गाळतो. ती धग राखायला कोण बसायचं? मांजर झाकण पाडतं, गोवरी विझते, डाळ तळाला लागते. घरात कुणीतरी असावंच लागतं. आमच्या घरी ते 'कुणीतरी' म्हणजे अक्का. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. चौथीत असताना तिची शाळा सुटली. माय रानात, आजीला मोतीबिंदू, पाळण्यात धाकटा. डाळीकडे बघणार कोण? मी पाटी घेऊन निघायचो तेव्हा ती फुंकणी घेऊन चुलीपुढं बसलेली असायची. पाढे तिला माझ्याआधी आले होते, तिसाचे सुद्धा. मी बी.कॉम. झालो, बँकेत लागलो. ती आजही सही करताना अडखळते, आणि हिशोब मात्र तोंडी माझ्यापेक्षा लवकर करते. तेव्हा 'जुनं ते सगळं सोनं' असं कुणी लिहिलं की मला अक्काचे धुराने लाल झालेले डोळे दिसतात.

मंद आचेवर शिजावं, पण राखण बसायला नको, यावर पहिला चांगला इलाज आपल्या देशात कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी काढला. १९१० च्या सुमारास त्यांनी इकमिक कुकर बनवला. बाहेर उंच पंचपात्रीसारखं भांडं, आत एकावर एक डबे, तळाशी पाणी आणि खाली कोळशाची लहान शेगडी. वरण, भात, भाजी वेगवेगळ्या डब्यांत भरून, कोळसा पेटवून खुशाल कामाला जावं. कोळसा आपोआप संपतो, वाफ कोंडलेली राहते, परत यावं तर जेवण गरम. महाराष्ट्रातही एकट्या राहणाऱ्या नोकरदारांत आणि विद्यार्थ्यांत तो चांगलाच चालला. मी गुलबर्ग्याला शिकत असताना आमच्या खोलीवरच्या एकाने वडिलांचा जुना पितळी इकमिक आणला होता. सकाळी साडेनऊला लावून कॉलेजला जायचो, दीडला येऊन जेवायचो. भात कधी बिघडला नाही. तूरडाळ मात्र थोडी कचकचीत राहायची, त्यावर रोज वाद.

घरी तोवर भुशाची शेगडी आली होती. मधे बाटली उभी करून भोवती लाकडाचा भुसा ठासायचा, बाटली हळूच काढायची, खालून पेटवायची. दोन-तीन तास एकसारखी धग. पोरासोरांना बाटली काढायचा मोठा मान वाटायचा.

मग प्रेशर कुकर. दाबाखाली शिजवण्याची कल्पना डेनिस पापँ या फ्रेंच माणसाची, १६७९ ची. पण आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टिज १९५९ च्या सुमारास आले आणि खेड्यात पोचायला आणखी वीस वर्षं गेली. आमच्या घरी पहिला कुकर मी पगारातून घेतला. माय शिट्टीला घाबरून ओट्यापासून लांब उभी राहायची! बिदरच्या पठारावर पाणी शंभर अंशांच्या थोडं आधीच उकळतं, आणि कुकरात ते १२० च्या आसपास जातं. तीन तासांची डाळ वीस मिनिटांत. माझ्या मते आपल्या भागात बायकांचा वेळ वाचवणारी दोनच यंत्रं आली, पिठाची गिरणी आणि प्रेशर कुकर.

आता हा विजेचा स्लो कुकर. याचं मूळ अमेरिकेत. आयर्विंग नॅक्सन यांची आई लिथुआनियातल्या ज्यू गावची. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, म्हणून तिथं शुक्रवारी संध्याकाळी कडधान्य-मांसाचं मडकं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायचे आणि शनिवारी काढायचे. ही गोष्ट आईकडून ऐकून नॅक्सन यांनी विजेचं भांडं केलं, १९४० ला त्याचं पेटंट मिळालं. १९७१ मध्ये रायव्हल कंपनीने तेच 'क्रॉक-पॉट' म्हणून विकलं. अमेरिकेत बायका मोठ्या संख्येने नोकरीला निघाल्या होत्या, त्यामुळे ते धडाधड खपलं. आपल्या नहारीचा आणि त्या मडक्याचा विस्तव एकाच जातीचा, याची मला गंमत वाटते.

हिशोब बघा. आमच्या भांड्याखाली १८० वॅट लिहिलंय. आठ तास म्हणजे १४४० वॅट-तास, जवळजवळ दीड युनिट. कुकरातल्या डाळीला लागणाऱ्या गॅसपेक्षा हे महागच. कर्नाटकात गृहज्योती योजना आहे (५ ऑगस्ट २०२३ ला तिचा शुभारंभ आपल्या कलबुर्गीतच झाला), तिच्यात ज्यांचं बिल शून्य येतं त्यांना फरक पडणार नाही. पण आपल्याकडची वीज! मधेच दोन-तीन तास गेली तर आतलं अन्न कोमट होऊन बसतं, आणि कोमट अन्नात जंतू वाढतात. मटण असेल तर धोका पत्करू नका, टाकून द्या.

दोन महिन्यांत घरी जे करून बघितलं ते असं. हुग्गी उत्तम झाली, उखळातल्या गव्हाची आठवण आली. पाया शेजारच्या भाभींनी करून बघितला आणि पसंत केला. काळे हरभरे भिजवून घातले तर मऊ. तूरडाळ नाही! कलबुर्गीच्या तुरीला २०१९ ला मानांकन मिळालंय, तिचा असा अपमान नको, ती कुकरातच लावा. आमच्या बोअरच्या जड पाण्यात तर ती सहा तासांनीही दाणा धरून राहिली. भज्जी पाणचट होते, कारण यातलं पाणी आटत नाही. शेवटी गॅसवर आटवावी लागली. राजमा करणार असाल तर आधी भिजवून, ते पाणी टाकून, किमान दहा मिनिटं खळखळ उकळा, मगच यात घाला. लाल राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते मंद आचेवर जात नाही, उलट पोट बिघडवतं.

म्हणून माझं मत: घरात प्रेशर कुकर नसेल तर आधी तो घ्या. नवरा-बायको दोघंही सकाळी आठला बाहेर पडत असतील, वीज भरवशाची असेल आणि महिन्यातून तीन-चारदा हुग्गी, पाया, कडधान्य होत असेल, तर स्लो कुकर जरूर घ्या. नुसत्या वरण-भातासाठी पैसे घालवू नका.

अक्का दिवाळीला आली होती. भांड्याभोवती एक फेरी मारली, झाकण उचललं (ते उचलायचं नसतं, वाफ जाते, पण तिला कोण सांगणार) आणि विचारलं, "याच्याजवळ कुणी बसायचं नाही व्हय?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग घेऊ दे पोरींना," आणि तांदूळ निवडायला बसली.

कुणाच्या माळ्यावर इकमिक कुकर अजून असेल तर फोटो जरूर टाका. आणि वैलाला तुमच्याकडे काय म्हणायचे, तेही लिहा. भालकीकडचा शब्द वेगळा होता असं आमच्या घरात चाललंय.