लोणी, तूप, मस्का, बटर

मराठीत एकाच पदार्थाला तीन नावे आहेत. घरी घुसळलेले ते लोणी, इराण्याच्या ब्रूनवर फासलेला तो मस्का आणि कागदात गुंडाळून येते ते बटर. ‘लोणी’ हा शब्द संस्कृत ‘नवनीत’पासून प्राकृतातून झिजत आला, ‘मस्का’ फारसीतून आला आणि ‘बटर’ इंग्रजांबरोबर. तिन्ही म्हणजे दुधातला स्निग्धांशच. तरीही थालीपिठावर कोणी मस्का मागत नाही आणि ब्रूनवर लोणी. शब्द वेगळे टिकले, कारण त्यांच्यामागचे हात आणि बाजार वेगळे होते.

गेली काही वर्षे मी पाककृतींच्या हस्तलिखित वह्या गोळा करते आहे. रद्दीवाले, नातेवाईक आणि मैत्रिणींच्या सासवा हे माझे पुराभिलेखागार. या वह्यांतली नानकटाई, बिस्किटे आणि केकची पाने वाचताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा पडतो. युरोपात ज्या घरगुती भाजकामाचा पाया लोणी आहे, ते आपल्याकडे आले तेव्हा लोणी गेले कुठे? वह्यांत तूप भेटते, डालडा भेटतो, लोणी क्वचितच.

उत्तराचा पहिला भाग हवामानात आहे. लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश आणि 16 टक्क्यांच्या आसपास पाणी असते. हे पाणी आणि सोबतचे दुधाचे अंश आपल्या उष्म्यात लोणी थोड्याच दिवसांत आंबट-खवट करतात. थंड युरोपात मीठ घालून ते महिनोन्‌महिने ठेवता येई. आपल्याकडे ते कढवायचे, पाणी उडवायचे, बेरी गाळायची हाच टिकवण्याचा खात्रीचा मार्ग. त्यामुळे लोणी हा वाटेतला टप्पा आणि मुक्काम तुपाचा.

युरोपातही लोण्याची वाट सरळ नव्हती. चर्चने उपवासाच्या दिवसांत ते वर्ज्य ठरवले होते. दक्षिणेकडे ऑलिव्हचे तेल असल्याने तिथल्यांचे फारसे अडत नसे, उत्तरेकडच्यांचे अडे. जर्मनीतल्या सॅक्सनीत नाताळचा ‘स्टोलेन’ हा गोड पाव तेलावर भागवावा लागे. अखेर 1491 मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी मोबदल्याच्या अटीवर लोणी वापरायची मुभा दिली. ते फर्मान आजही ‘लोण्याचे पत्र’ म्हणून ओळखले जाते.

पुढे 1747 मध्ये लंडनमध्ये हॅना ग्लास या बाईंचे पाकशास्त्राचे पुस्तक निघाले. त्यात केकसाठी लोणी मातीच्या भांड्यात घेऊन, हाताने, एकाच दिशेने, दाट सायीसारखे होईपर्यंत फेसायला सांगितले आहे. बेकिंग पावडर यायला अजून जवळपास शंभर वर्षे होती. अंड्यांत आणि फेसलेल्या लोण्यात अडकलेली हवाच केक फुगवत असे. साखरेचे कण घट्टसर लोण्यातून फिरताना हवेचे बारीक बुडबुडे आत कोंडतात आणि भट्टीच्या उष्णतेने ते प्रसरण पावतात. मात्र लोणी वितळले की हवा निसटते. तिशीपलीकडच्या तापमानात लोण्याचा आकार राहत नाही. मुंबईच्या मे महिन्यात अशा लोण्याचा केक करणे किती कठीण, हे वेगळे सांगायला नको.

मग आपल्याकडच्यांनी काय केले? गोव्याचे उदाहरण बोलके आहे. पोर्तुगीज 1510 मध्ये तिथे आले आणि त्यांच्याबरोबर अंड्यांचे भाजीव गोड पदार्थही आले. पण गोव्याच्या बिबिकात नारळाचे दूध आहे आणि थराथरावर तूप आहे. वरून निखाऱ्यांची आच देत एकेक थर भाजायचा. कोकणातले काकडीचे धोंडसही असेच वर-खाली विस्तव ठेवून होत असे. भट्टी नसलेल्या घरांनी निखाऱ्यांची भट्टी केली आणि लोण्याच्या जागी तूप आणले.

नानकटाईची गोष्ट याहून महत्त्वाची वाटते. सुरतेच्या डच वखारीतली भट्टी पारशी कारागिरांकडे आली आणि तिथून नानकटाई पसरली, असे सांगितले जाते. मराठी घरांत ती दिवाळीची झाली. कृती सगळ्यांच्या ओळखीची आहे: परातीत थिजलेले तूप आणि पिठीसाखर घ्यायची आणि तळहाताने फेसत राहायचे, तूप पांढरेशुभ्र आणि हलके होईपर्यंत. काही वह्यांत तुपावर बर्फाचे पाणी घालून फेसायला आणि मग पाणी निथळून टाकायला सांगितले आहे. आयुर्वेदातले ‘शतधौत घृत’, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेले तूप, असेच पांढरे आणि मलमासारखे होते.

ही परात आणि हॅना ग्लासचे मातीचे भांडे शेजारी ठेवून पाहावे. एकीकडे लोणी, दुसरीकडे तूप. पण हात तोच, कारण तेच. वितळलेल्या तुपात हवा राहत नाही, थिजलेल्या रवाळ तुपात राहते. नानकटाई दिवाळीला का रुळली, याचे एक उत्तर मला इथे दिसते. हा माझा तर्क आहे: म्हशीचे तूप थिजू लागण्याचा हंगाम आणि दिवाळी एकत्रच येतात. मळून झालेली कणी डब्यात घेऊन बायका-मुले बेकरीत जात आणि पत्र्यावर ओळीने मांडून भाजून आणत. भट्टी बेकरीवाल्याची, पण पदार्थ घरच्या परातीतच घडलेला असे.

बटर या नावाने लोणी आपल्या शहरांत रुळले ते मात्र टोस्टवर लावायला. मुंबईत पेस्तनजी एदलजी यांच्या पॉल्सन बटरचा दबदबा इतका की खुशामतीला ‘पॉल्सन लावणे’ म्हणू लागले. ते आंबवलेल्या सायीचे आणि खारट असे. खेड्याच्या दूध उत्पादकांनी पॉल्सनच्या मक्तेदारीविरुद्ध 1946 मध्ये सहकारी संघ उभारला आणि पुढे ‘अमूल’ आले. ताज्या सायीचे हे लोणी मुंबईकरांना सुरुवातीला सपक लागले, आणि मग त्याच्या खारटपणाची आणि वासाची सवयीच्या चवीशी जुळणी करावी लागली. म्हशीचे लोणी पांढरे असल्याने पिवळा रंगही घालावा लागला. ते मीठ केकमध्ये मात्र नको असते. त्यातच 1937 पासून स्वस्त डालडा बाजारात होता, घट्ट आणि फेसायला सोपा. वह्यांत तुपाच्या जागी तो का आला, हे वेगळे शोधावे लागत नाही.

या सगळ्यात एक हिशेब मांडायचा राहून जातो. साय साठवणे, विरजण लावणे, ताक घुसळणे ही कामे घरच्या बाईची. आठवडे बाजारात लोणी-तूप विकून आलेला पैसाही बऱ्याच घरांत तिच्याच हाती राही. गावोगाव दूध संस्था झाल्या आणि पहाटेचे दूध थेट संकलन केंद्रावर जाऊ लागले. घराला नियमित पैसा मिळाला, त्याचे मोल मोठे आहे. पण संस्थेचे सभासदत्व बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या नावावर झाले. घुसळण थांबली तसे ताकही गेले आणि तिची ती छोटी मिळकतही गेली. आज शहरांत ‘कल्चर्ड बटर’ महाग विकले जाते. विरजलेल्या सायीचे लोणी म्हणजे तेच.

लोण्याचा इतिहास आपण कंपन्यांच्या नावांनी लिहितो, कारण कंपन्यांचे कागद राहतात. परातीत तूप किती वेळ फेसायचे, पांढरे म्हणजे किती पांढरे, हे वहीत नसते. तिथे एवढेच असते: ‘चांगले फेसावे’. ज्यांच्या तळहातांना ते ‘चांगले’ कळत होते, त्या पिढीतल्या थोड्याच जणी आता उरल्या आहेत. यंदा घरात कुणी आजी, आत्या, मावशी नानकटाई करत असेल, तर शेजारी घड्याळ आणि वजनकाटा घेऊन बसावे आणि आकडे त्याच वहीत, तिच्या नावासह, लिहून ठेवावेत. मला मिळालेल्या वह्यांपैकी निम्म्यांहून अधिक वह्यांवर लिहिणारीचे नावच नाही.