एक मोटर, पाच यंत्रं

1947 साली अमेरिकेत 'शॉपस्मिथ' बाजारात आलं. बनवणारा हान्स गोल्डश्मिट, जर्मनीतून आलेला. मोटर एकच; पण त्यावर करवत, लेथ, सँडर, आडवं ड्रिल, आणि नळ्या उभ्या केल्या की उभं ड्रिल! छोट्या गॅरेजमध्ये अख्खं वर्कशॉप मावायला लागलं. 1960च्या दशकात उत्पादन थांबलं. 1972 साली ओहायोमध्ये जॉन फोल्कर्थने ते पुन्हा उभं केलं.

जुनं यंत्र घेणारे आधी नळ्यांवरचा गंज घासून काढतात, वॅक्स लावतात, पट्टा आणि बेअरिंग तपासतात. मग येतात ड्रिल बिट. पीळदार बिटचं मोर्सचं पेटंट 1863चं. धातूत तो उत्तम, लाकडावर मात्र सुरुवातीला घसरतो. म्हणून लाकडाला मधे टोक असलेला ब्रॅड पॉइंट घ्यावा. सपाट तळाचं भोक हवं असेल तर बेंजामिन फोर्स्टनरचा, 1874चा. फक्त वेग कमी ठेवायचा, नाहीतर लाकूड करपतं.

मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. स्पिंडलचं 5/8 इंच माप त्यांनी नंतरही बदललं नाही. बदललं असतं, तर कितीतरी यंत्रं केव्हाच भंगारात गेली असती. आम्ही सॉफ्टवेअरवाले मात्र दर व्हर्जनला जुनं मोडतो आणि त्याला प्रगती म्हणतो!