शस्त्रक्रियेनंतर जखमेची देखरेख (अमरावती–अकोला)

शस्त्रक्रियेतील छेद व त्यावरील पट्टी यांची, जखम पुरती मिटेपर्यंत होणारी तपासणी. वऱ्हाडात अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय (लोकांच्या तोंडी ‘इर्विन’), तेथील स्त्री रुग्णालय (‘डफरीन’) आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय ही त्याची मोठी सरकारी ठिकाणे.

स्वच्छ शिवलेल्या छेदावरील पहिली पट्टी साधारण ४८ तास उघडत नाहीत. तेवढ्या वेळात कडांवर नव्या त्वचेचा पातळ थर धरतो. सुरुवातीची किंचित लाली, सूज, ठणका हा जखम भरण्याचाच भाग होय. संसर्ग बहुधा चौथ्या-पाचव्या दिवसानंतर उघडा पडतो. ओसरलेला ठणका उलटतो, कडा गरम व टणक लागतात, पट्टीला वास येतो, ताप चढतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर याच सुमारास पट्टी गुलाबीसर पाण्याने भिजली, तर पू नाही म्हणून निर्धास्त राहू नये. आतले टाके सुटून पोट उसवण्याची ती पूर्वसूचना असू शकते. पोटावरचे टाके साधारण ७ ते १० दिवसांनी, सांध्यावरचे १० ते १४ दिवसांनी काढतात. तिसऱ्या आठवड्यातही जखमेला मूळ कातडीच्या जेमतेम एक पंचमांश बळ असते, त्यामुळे टाके निघाले की कापसाचे गाठोडे उचलायला मोकळे, हा समज घातक आहे.

संसर्गावर ३० दिवस, कृत्रिम सांध्यासारख्या शस्त्रक्रियेत ९० दिवस लक्ष ठेवतात. यातला बहुतेक काळ रुग्ण घरी असतो आणि खरी अडचण तिथेच आहे. धारणीकडच्या गावातून टाके दाखवायला अमरावती गाठायची, तर मेळघाटातून अख्खा दिवस जातो. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीकडे आशा सेविका ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी जाते; हर्निया-अपेंडिक्सवाल्यांना या भेटी लागू नाहीत.

अकोल्याचा मे महिना ४५ अंशांपलीकडे जातो. घामाने भिजलेली पट्टी जंतूंना वाट देते, म्हणून ती लगेच बदलून घ्यावी. वरण-भात, वांगे खाल्ल्याने टाके पिकतात या समजुतीला आधार नाही. उलट वरण तोडल्याने जखम भरायला लागणारी प्रथिने कमी पडतात. अनियंत्रित मधुमेह व तंबाखू मात्र खरोखर नडतात. जखमेवर हळद-राख लावू नये. वरचे एकही लक्षण दिसले, तर टाक्यांच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे; पोट उसवल्यास ओल्या स्वच्छ कापडाने झाकून १०८ वर गाडी बोलवावी.