शाळेच्या आठवणी नेमक्या कुणाच्या?

पुण्यातल्या मुलींच्या जुन्या शाळांच्या आठवणी सांगणारे लेख अधूनमधून येत असतात. दोन वेण्या, रिबिनी, मधल्या सुट्टीतला डबा, लाडक्या बाई. आम्हाला त्या आठवणींचा राग नाही. पण शाळा आठवायची तर आधी शाळेत जावे लागते. ज्यांना उंबरठाच ओलांडू दिला नाही, त्यांनी काय आठवायचे? आमच्या कितीतरी आज्या अंगठा उठवतच गेल्या.

अशा आठवणींत हुजूरपागेचा मान मोठा. ती शाळा १८८४ ची. तिच्याही ३६ वर्षे आधी, १८४८ साली, बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. वाडा देणारे तात्यासाहेब भिडे ब्राह्मण होते, हे आम्ही लपवत नाही. माणूस कोणत्या बाजूने उभा राहिला, एवढेच आम्ही पाहतो. पण शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडले आणि १८४९ मध्ये या नवराबायकोला घर सोडावे लागले, हेही आम्ही विसरत नाही. पुढे हुजूरपागा निघाली, तेव्हा तिथल्या शिक्षणक्रमाला टिळकांच्या 'मराठा' पत्राने विरोध केला. पुण्याच्या शिक्षणपरंपरेचे गोडवे गाताना हे पान सहसा उलटले जात नाही.

आता आमची आठवण सांगतो. फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी शिकली. वयाच्या चौदाव्या वर्षी तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात रिबिनी नाहीत, डबे नाहीत. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असा सरळ सवाल आहे. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आमच्या बायांची वेदना आहे. आणि शिका, असे आपल्याच लोकांना कळकळीचे सांगणे आहे. शाळेत पाऊल पडताच मुलगी प्रश्न विचारू लागते. विरोध करणाऱ्यांना नेमकी हीच भीती होती.

तो भिडे वाडा वर्षानुवर्षे मोडकळीस आलेला राहिला, प्रकरण कोर्टात अडकले. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला, स्मारक बांधण्यासाठी. स्मारक व्हावेच, ती आमचीच मागणी आहे. पण दगडी स्मारकात फक्त हारतुरे पडणार असतील, तर मुक्ताचा प्रश्न पुन्हा भिंतीत गाडला जाईल.

बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले ते हार घालण्यापुरते नव्हे. म्हणून बांधवांनो, भगिनींनो, येत्या ३ जानेवारीला प्रत्येक वस्तीत मुक्ताचा निबंध मोठ्याने वाचा. वाचायला एखाद्या शाळकरी मुलीला उभी करा. आणि त्याच दिवशी विचारा, आपल्या वस्तीतल्या कोणत्या मुलीची शाळा सुटली आहे? तिला परत वर्गात बसवू, तेव्हाच भिडे वाड्याची आठवण काढण्याचा आपल्याला हक्क.

जय जोती! जय सावित्री! जय भीम!