कोळसा उगाळावा तितका…

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्यासमोर लोणारी कोळसा असावा. दगडी कोळशाची पुढची करामत पाहिली असती, तर त्याने ती इतक्या खात्रीने उच्चारली नसती.

आमच्या चाकूरच्या जमिनीत दगडी कोळसा नाही. विहीर खणताना लागतो तो काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. कोळसा त्याहून पुष्कळ जुना, पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या अरण्यांचा अवशेष. पण नांदेडला वळसा घालून पूर्वेकडे गेलेली गोदावरी पुढे ज्या खोऱ्यातून वाहते, तिथे तो विपुल आहे. १८७१ साली भूगर्भ खात्याच्या डॉ. किंग यांना तो येल्लंडूजवळ आढळला. १८८६ साली इंग्लंडात स्थापन झालेल्या एका कंपनीने खाणीचे हक्क घेतले. १९२० साली सिंगरेणी कंपनी उभी राहिली. येल्लंडू काय नि चाकूर काय, दोन्ही निजामाच्याच राज्यात. विकाराबादहून बीदर, उदगीर, लातूर रोड करीत परळीला गेलेला लोहमार्गही निजामाच्याच रेल्वेने टाकला. अशा रीतीने ज्या मुलुखात कोळशाचा कणही निघत नाही, तिथे आगगाडी धूर सोडीत आली.

परंतु कोळसा केवळ जाळण्याचाच पदार्थ नव्हे. बंद भट्टीत, हवा न लागू देता तो तापविला, म्हणजे त्याचे चार वाटे होतात : जळणारा वायू, अमोनियायुक्त पाणी, डांबर आणि मागे उरणारा कोक. कोकवर लोखंड गाळले जाते, अमोनियापासून खत होते. वायूने १८६५ साली मुंबईचे रस्ते उजळले. संध्याकाळी शिडी घेऊन दिवे लावीत जाणारा माणूस त्या शहराच्या ओळखीचा झाला. उरले डांबर. त्या चिकट, दुर्गंधी पदार्थाचे करावे काय, हा कारखानदारांपुढे प्रश्नच होता.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी डांबरातून निघणाऱ्या द्रव्यापासून हिवतापावरचे क्विनाइन करू पाहत होता. क्विनाइन झाले नाही. झाला तो सुंदर जांभळा रंग! मग रंगांची रांगच लागली. मंजिष्ठेचा तांबडा रंग डांबरातून निघाला. कापडांना लागणारे शेकडो रंग निघाले. १८७९ साली साखरेहून कितीतरी पट गोड सॅकरिन निघाले. ठेवणीतल्या शालूंमध्ये आपण ठेवतो त्या डांबरगोळ्यांचे नावच त्यांचे कुळ सांगते. रस्त्यावरचे डांबर मात्र आता खनिज तेलाचे असते; नाव तेवढे जुने राहिले.

या रंगांची एक किंमतही होती आणि ती आपल्या देशाने मोजली. १८९७ साली जर्मनीत कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहारातल्या निळीचा भाव कोसळला. मळेवाल्या गोऱ्यांनी आपला तोटा कुळांवर लादला. निळीच्या सक्तीतून सुटका हवी तर वाढीव खंड भरा, असे त्यांना सांगितले. १९१७ साली गांधीजी चंपारण्यात गेले, त्यामागे हा डांबराचा इतिहासही आहे.

आमच्या भागात कोळशाचा खरा संसार मांडला गेला तो परळीला. १९७१ साली तिथले औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. एक युनिट विजेसाठी साधारण पाऊण किलो कोळसा लागतो. त्यातून पावशेराच्या आसपास राख मागे राहते आणि किलोभर कार्बन वायू आकाशात जातो. राखेच्या विटा होतात, सिमेंटमध्येही ती मिसळतात. तरी उरलेली वाऱ्याबरोबर उडून शेतांवर आणि घरांवर बसते. शिवाय वाफेला व थंडाव्याला पाणी हवेच. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे सारे संच बंद पडले. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या मुलुखात प्यायला पाणी नाही, त्याने वाफेवर वीज करावी, हा विरोधाभास तेव्हा लहान मुलालाही कळला.

मग पर्याय कोणता? साखर कारखान्यांत उसाच्या चिपाडावर वीज होते. पण ऊसही पाणी पितोच. शेणाचा गॅस घरच्या चुलीपुरता उत्तम. आणि मैल्यापासूनही वायू निघतो, हे मुंबईच्या माटुंग्यातील कुष्ठालयाने १८९७ सालीच दाखविले होते. आमच्याकडे भरपूर आहे ते ऊनच. सौर पत्र्यांना धुण्यापुरते पाणी पुरते. २०१७ साली राज्याने शेतीला सौर वीज देण्याची योजना आखली, तिचे मोल शेतकऱ्याला विचारावे. रात्रपाळीची वीज आली, की विंचूकाट्याच्या भयात बॅटरी घेऊन दारे धरायला जाणाऱ्याला दिवसा वीज मिळणे, हा केवळ सोयीचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

तथापि सूर्य मावळतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दारावर जी विजेची माळ लागते, तिच्यातला मोठा वाटा अद्याप कोळशाचाच असतो. दिवसाची वीज रात्रीसाठी साठविण्याची सोय अजून महाग आहे. म्हणून कोळशाला शिव्या देऊन भागणार नाही. पंचवीस कोटी वर्षांची ही पुंजी आहे. ती रोजच्या धुरात उधळायची, की जिथे दुसरे काही चालतच नाही अशा कामासाठी राखून ठेवायची, हे ठरविणे आपल्या हाती आहे. वडिलोपार्जित ठेव मोडताना शहाण्या घरात जी चर्चा होते, ती या दिवाळीत घरोघरी झाली तरी पुष्कळ.